दिवाळीचा लॉट: आमच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या जून ते ऑक्टोबर २०२५च्या कामाच्या नोंदी

६ जून

गिरगावातल्या एका चाळीचा पुनर्विकास सुरू होतोय. तिथल्या एका घरातला माल एकगठ्ठा घेतला. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब १, घंगाळं २, तांब्याची पातेली २, पितळी समया ३ जोड, कडीचे पितळी डबे ७, अडकित्ते ४, कंदील २, चिनी मातीच्या बरण्या ६, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ १. शिवाय मखमली डबीत चांदीचे गोठ, मुलाम्याच्या पाटल्या, नथ, चिंचपेटी, सुट्या पुतळ्या (माळेतल्या नाण्यांसारख्या चकत्या) आणि एक पांढरी फणी.

विकणाऱ्यांच्या ओळखपत्राची प्रत, वस्तूवार यादीवर त्यांची सही आणि प्रत्येक वस्तूचा फोटो घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. माल चोरीचा निघाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं आणि तेव्हा ‘विश्वासावर घेतलं’ हे उत्तर पुरत नाही. दुसरं कारण कराचं. जुन्या वस्तूवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर केंद्रीय जीएसटीच्या नियम ३२(५)प्रमाणे विक्री आणि खरेदी यांच्या फरकावरच कर भरता येतो. खरेदीची किंमत कागदावर नसेल तर फरक दाखवणार कसा? एकगठ्ठा रक्कम म्हणून वस्तूंवर वाटून लिहिली. धातूच्या वस्तू वजन करून त्या दिवशीच्या मोडीच्या भावाने धरल्या, उरलेली रक्कम बाकीच्यांवर टाकली.

नंबरांच्या चिठ्ठ्या सुती दोऱ्याने बांधल्या. रबरबँड नाही, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उठतो. चिकटपट्टीही नाही, पितळेवर तिच्या कडांची चौकट उमटून बसते.

९ जून

वगळायचा माल आधी वेगळा काढला.

फणी हस्तिदंताची आहे. जाड कडेला दहापट भिंगाखाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी स्वच्छ दिसते. सेल्युलॉइडमध्ये रेषा असल्या तरी समांतर असतात, हाडात बारीक काळपट छिद्रं दिसतात. तापलेली सुई टोचून बघायचा जुना सल्ला मुळीच पाळू नये: वस्तू सेल्युलॉइडची असेल तर भडका उडतो. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६च्या आणि आयात हस्तिदंताचा १९९१च्या दुरुस्तीने बंद झाला. फणी किती जुनी आहे याला विक्रीच्या दृष्टीने अर्थ नाही. ती घरच्यांना परत केली, यादीतून नंबर खोडला, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या.

मोठ्या घंगाळावर ठोकून नाव घातलंय, खाली ‘शके १८४१’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९), म्हणजे १९१९-२०. शंभर वर्षं उलटलेली कारागिरीची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. अशा वस्तूंचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आमच्याकडे परवाना नाही. घंगाळ विक्रीतून बाहेर.

दुकानात माझ्याबरोबर असलेल्या ताईचं म्हणणं, आकडा नंतर कोणी घातला असेल तर? तपासलं. नाव छिन्नीच्या एकेका ठोक्याने, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे आणि प्रत्येक ठिपक्याच्या तळाशी भोवतीच्या तांब्याइतकाच काळेपणा आहे. नव्याने ठोकलेल्या ठिपक्याच्या कडा बोटाला खरखरीत लागतात आणि तळ लालसर चकाकतो. विजेच्या पेनने कोरलेलं नाव तर लगेच ओळखू येतं: थरथरती, सलग, उथळ रेघ. घंगाळाच्या बुडाचा सांधाही दातेरी आहे, दोन पत्रे एकमेकांत दात घालून पितळेने जोडलेले, लाल तांब्यावर पिवळी नागमोडी रेघ. लेथवर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो, आतून एककेंद्री वर्तुळं दिसतात.

१४ जून

बाकीच्या मालाचा काळ लावला. ‘अँटिक’ हा शब्द आम्ही चिठ्ठीवर लिहीत नाही. ‘अमुक सालाआधीचं’ किंवा ‘अमुक सालानंतरचं’ एवढंच, आणि कशावरून तेही.

एका डब्याच्या आत दुकानदाराचा छापील कागद चिकटलेला आहे, पत्ता ‘मुंबई ४’. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्यामुळे कागद बहुधा त्याआधीचा. किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीची धरायला हरकत नाही. ‘नये पैसे’ दिसले की १९५७ ते १९६४. चिनी मातीच्या भांड्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ एवढी चिमूटभर वर्षं, म्हणून नकली शिक्केही त्याचेच जास्त. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू ‘आजोबांच्या काळच्या’ पेटीत दिसला तर निदान बिजागरी तरी नवी आहे.

काळाचा पुरावा वस्तूच्या एका भागाचा असतो, सगळ्या वस्तूचा नव्हे. त्या डब्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं आहे: ते फिरवलं की एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी सैल. चिठ्ठी: ‘डबा बहुधा १९७२पूर्वीचा, झाकण वेगळं’.

२७ जून

आर्द्रता दुकानात ८८ टक्के. चांदी हवाबंद डब्यांत हलवली, २० लिटरच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेल. निळं जेल बंद केलं, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घेतलं, ओलं झालं की हिरवं होतं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. नथ आणि चिंचपेटी या डब्यांत ठेवायच्या नाहीत. मोती फार सुकले की तडकतात, त्यांना सुती कापडात गुंडाळून लाकडी कपाटात जागा. घड्याळही बाहेरच, लाकूड एकदम सुकवलं तर सांधे उघडतात.

५ जुलै

समया. तीन जोडांपैकी दोन जोडांचे भाग सुटत नव्हते. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर, सगळं मळसूत्राने बसतं आणि आटलेलं तेल त्या आट्यांत डिंकासारखं धरून ठेवतं. पान्याने पिळलं तर दांडा वाकतो किंवा आटे झिजतात. समई आडवी करून ६० अंशांच्या पाण्यात, लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर. सकाळी सांध्यावर हेअर ड्रायर धरला, दोन्ही बाजूंना चामड्याचा पट्टा गुंडाळला, हाताने पीळ दिला. एक जोड सुटला. दुसऱ्याच्या एका समईत कोणीतरी पूर्वी सांधा झाळून टाकलाय, कडेला राखाडी ओघळ दिसतो. ती तशीच राहील आणि चिठ्ठीवर लिहू.

मग सफाई. चिंच कोळून, मीठ न घालता, पाच मिनिटं. लगेच धुवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, पुसून उन्हात किंवा पंख्याखाली ठेवायचं. मीठ-लिंबू लावून रात्रभर ठेवलेल्या पितळेवर गुलाबी डाग पडतात. तो मळ नव्हे. आम्लाने वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. तो डाग घासून जात नाही, धातू खरवडूनच जातो. तिसऱ्या जोडाच्या वाट्यांवर असे डाग आधीपासून आहेत, ते तसेच ठेवले.

डब्यांवर मतभेद झाला. ताईला बाहेरचा तपकिरी थर हवा, मला वाटत होतं दिवाळीचं गिऱ्हाईक चकचकीत मागेल. शेवटी ठरलं ते असं: समया पेटवायच्या असतात, त्या उजळायच्या. डबे आतून स्वच्छ, बाहेरून फक्त साबणाच्या पाण्याने. उजळलेलं पितळ महिन्याभरात पुन्हा मंद होतं, पण पन्नास वर्षांचा थर गेला की गेला. गिऱ्हाइकाला उजळून हवा असेल तर विकत घेतल्यावर आम्ही करून देऊ, उलटं करता येत नाही.

लॅकर (चमक टिकवायचा पारदर्शक लेप) लावायचा प्रश्नच नाही. समईच्या आचेने तो पिवळा पडून पापुद्रे सुटतात.

१२ जुलै

पातेल्यांना कल्हई. कथील शुद्ध आहे का ते आधी बघितलं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकरते. शिसं मिसळलेली जवळजवळ गप्प वाकते आणि कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी रेघ सोडते. पहिली कांडी परत केली.

पातेलं वाळू आणि चिंचेने आतून लाल होईतो घासायचं. तेलाचा अंशही राहिला तर तिथे कथील धरत नाही, टक्कल पडतं. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं त्याच्या थोडं वर हवं: कांडी टेकवली की लगेच पाणी होऊन पसरली पाहिजे. गाठी धरल्या तर आच कमी, निळसर-पिवळी झाक आली तर जास्त. नवसागराची चिमूट टाकायची आणि धूर असतानाच कापसाच्या बोळ्याने गोल फिरवत पुसायचं. हा धूर छातीत बसतो, काम मोकळ्यावरच करावं. कल्हईवाल्याचा हात बघण्यासारखा: तो बोळा बुडापासून काठाकडे एकाच दमात नेतो, परत मागे येत नाही. मागे आलं की थर ओढला जाऊन रेघा पडतात.

चिठ्ठी: ‘कल्हई जुलै २०२५. रिकामं तापवू नये. काथ्याने घासू नये. लाल तांबं दिसलं की पुन्हा कल्हई, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो.’

१९ जुलै

एका कंदिलावर ‘प्रभाकर’ छाप, ओगलेवाडीच्या कारखान्याचा. दुसऱ्यावर छाप नाही. प्रभाकरची टाकी गळते का ते बघायला रॉकेल भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवला: तळाच्या वळणाशी एक ठिपका. आतून गंज असेल तर बाहेरून झाळ लावून उपयोग नाही, शेजारी नवं भोक पडतं. टाकीत मूठभर बारीक खडे आणि पाणी घालून हलवली, गंजाचं पाणी लाल आलं. हा कंदील ‘शोभेचा, पेटवू नये’. दुसरा पक्का आहे. वात घेताना बर्नरची फट मोजून न्यावी, दोन मिलिमीटर जास्त रुंद वात अडकते आणि चाकाचे दात गुळगुळीत करते. काच मूळची नाही, उंची कमी पडते आणि ज्योत काजळते. बरोबर उंचीची मिळेतो चिठ्ठी कोरी.

विजेचा दिवा बसवून द्या अशी मागणी नेहमी येते. वायरसाठी टाकीला भोक पाडत नाही. वातीच्या जागेतून बॅटरीवरचा दिवा बसतो.

२ ऑगस्ट

दागिने. सोनं आम्ही ठेवत नाही. १ एप्रिल २०२३पासून सराफाने विकायच्या सोन्याला सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता क्रमांक) हवा. ४० लाखांखालच्या उलाढालीला सूट आहे, तरी शुद्धतेच्या कागदाशिवाय सोनं विकणं आमच्या दुकानाला शोभत नाही. चांदी, मुलामा, मोती एवढंच.

गोठांवर शिक्का नाही. डबीत घडणावळीची जुनी चिठ्ठी सापडली: ‘५ तोळे ४ मासे’. तोळा ११.६६४ ग्रॅम, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे ६२.२ ग्रॅम. आज काट्यावर ६१.८. इतक्या वापरात ०.४ ग्रॅमची झीज पटण्यासारखी आहे, चिठ्ठी बहुधा याच जोडीची.

चांदी आहे का? तेजाब न लावता घनता काढली. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवायचा, तळाला किंवा काठाला लागू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर त्याचं आकारमान. ६.० आले. ६१.८ भागिले ६.० म्हणजे १०.३, स्टर्लिंगच्या (९२.५ टक्के चांदीच्या) जवळ. जर्मन सिल्व्हर असतं (त्यात चांदी नसतेच, तांबं-निकेल-जस्त) तर ८.७च्या आसपास आली असती आणि काट्याने ७.१ दाखवले असते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकून घनता खोटीच कमी येते. ही पद्धत भरीव वस्तूलाच चालते. पक्क्या आकड्यासाठी झवेरी बाजारात मशीनवर दाखवून आणले, पण मशीनही पृष्ठभागाचाच थर वाचतं, म्हणून आतल्या बाजूच्या झिजलेल्या जागेवर घ्यायला सांगावं.

पाटल्या टेबलावर टेकवल्या की बद्द वाजतात: आत लाख. गरम पाणी लागलं की लाख मऊ होऊन सांध्यातून बाहेर येते, अल्ट्रासॉनिक सफाईच्या मशीनमध्ये तर जाऊच नयेत. ओल्या कापडाने पुसल्या, संपलं.

पुतळ्यांमध्ये पाच खरे रुपये निघाले, कडी झाळून लावलेली. १९३९पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४०पासून ५०. पाचांपैकी दोन १९४२चे. ओळीत शेजारी ठेवले की पिवळसर झाकेने वेगळे दिसतात. कडी लावलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक किंमत देत नाहीत, ती काढली तर डाग राहतो. आहेत तशाच गाठवायच्या.

९ ऑगस्ट

नथ. मोत्याच्या भोकाच्या कडेला भिंग लावलं. काचेवर लेप दिलेल्या मोत्याचा लेप भोकाच्या ओठावर पापुद्र्यासारखा सुटलेला किंवा गोळा झालेला असतो. इथे कडा धारदार आणि आत थर दिसतात. दोन मोती एकमेकांवर हलके घासले, खरखर लागली. मोती खरे. पण नैसर्गिक की कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) हे भिंगाला कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतला एक्स-रे लागतो. एवढ्या आकाराच्या मोत्यांना तो खर्च परवडत नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘खरे मोती, नैसर्गिक की कल्चर्ड तपासलेलं नाही’. ‘बसरा’ शब्द लिहिला की भाव तिप्पट सांगता येतो, बाजारात सगळे लिहितातही. मधलं लाल माणिक नव्हे, काच: आत गोल बुडबुडे.

तार मूळची, नाकात टोचायची. चापाची करून मागतात. मूळ तार कापायची नाही, चाप वेगळा जोडून देता येतो.

चिंचपेटीचा दोरा घामाने कुजलाय. ओढून ताकद बघू नये, तिथेच तुटून मोती पलंगाखाली जातात. आधी ट्रेवर पांढरं कापड, मग वरून फोटो, मग ओळ-ओळ उतरवून थर्माकोलच्या खाचेत त्याच क्रमाने. भुलेश्वरला गाठवायला दिली, रेशमी दोऱ्यात.

२३ ऑगस्ट

बरण्या. दोन विकत घेतानाच बाजूला होत्या, बोटाच्या सांध्याने वाजवल्यावर खण्ण आवाज नव्हता. उरलेल्या चारांत जुन्या लोणच्याचं मीठ मातीत मुरलंय. ते कोरड्या हवेत बाहेर येऊन स्फटिक होतं आणि चकाकी सोलून काढतं. साध्या पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलत, पाण्याला चव लागेनाशी होईतो. शिसं तपासायची पट्टी आतून घासली, गुलाबी झाली नाही. लोणच्याला चालतील.

घड्याळ: मेन स्प्रिंग ताणलेली असताना उघडू नये, बोटं जातात. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलेलं होतं, त्याचा डिंक झालाय. घड्याळजीकडे. भिंतीवर लावताना ओळंबा बघण्यापेक्षा आवाज ऐकावा, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. डायल पुन्हा रंगवलेला आहे, आकड्यांच्या कडांना ब्रशची फुगीर रेघ दिसते. मुंबईत रंगवलेल्या डायलांची मनगटी घड्याळं जगभरच्या संग्राहकांत बदनाम आहेत, तेव्हा हे चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत.

२२ सप्टेंबर

आजपासून जीएसटीचे नवे दर. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा १२चा ५ टक्के, दागिन्यांचा ३च. बिलाच्या साच्यात बदल केले. आपला कर फरकावरच.

६ ऑक्टोबर

बाहेरगावच्या ऑर्डरी. समईचे भाग सोडवून प्रत्येक आम्लविरहित टिश्यूत, मग बबल रॅप. बबल रॅप थेट पितळेवर गुंडाळलं तर ट्रकच्या उष्णतेत गोल गोल ठसे उमटतात. वर्तमानपत्राची शाई चांदीला लागते. बरणीचं झाकण वेगळं बांधायचं, बरणीत हलका कागद भरायचा, दोन खोक्यांच्या मध्ये सगळीकडून पाच सेंटिमीटर. फक्त खाली-वर भरून बाजू मोकळ्या सोडल्या की खोकं आडवं पडल्याबरोबर कान तुटतो. कंदिलाची काच त्याच खोक्यात नको.

१४ ऑक्टोबर

बंब उरलाय. पाणी भरून रात्रभर ठेवला: तोटीतून थेंब, मधल्या नळकांड्याच्या बुडाशी ओल. कधीतरी पाणी न घालता पेटवलेला असणार. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांपासून सुटू लागते, आत पाणी असेतो ती तेवढी तापत नाही. तोटीचा खुंटा बारीक दळलेल्या इमरीने (धातू घासायच्या भुकटीने) आणि तेलाने जागेवरच घासून बसवला, थेंब थांबला. नळकांड्याचा सांधा तांबटाने शिसं नसलेल्या झाळेने करायचं कबूल केलंय, पण दिवाळीनंतर. निखाऱ्याची जाळी नाहीच, ती नवीन करावी लागेल, ८ मिलिमीटर सळीची, आतला व्यास १४० मिलिमीटर. तोवर बंब काचेमागे, चिठ्ठीवर ‘दुरुस्तीत, विक्रीला नाही’.